ऑपरेशन कोणी करून घ्यायचे?

वाचक भगिनीचे पत्र (नाव आणि गाव त्यांच्या विनंतीवरून वगळले आहे):

"माझे वय २६ आणि मालकांचे ३१. आम्हाला दोन मुली आहेत, थोरली सहा वर्षांची आणि धाकटी नुकतीच दोन वर्षांची झाली. आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. दिवाळी झाली की आम्ही दोघे जोडीने ऊसतोडीला जातो, तेव्हा मुली सासूबाईंकडे असतात. यंदाची उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामाची आगाऊ मजुरी, घेऊन झाली आहे. तिसरे मूल मलाही नको आणि मालकांनाही नको, पण सासूबाई म्हणतात की मुलासाठी अजून एकदा बघा, आणि आधी तपासून घेता येते असेही त्यांना कोणी तरी सांगितले आहे. आईसमोर मालक गप्प बसतात. रात्री मला म्हणतात, तूच ऑपरेशन करून घे, मला कोयता चालवायचा आहे, अंगातली ताकद गेली तर उचल कशी फेडायची? माझे रक्त साडेआठ आहे आणि पाळीला अंगावरून जास्त जाते. जाऊबाई म्हणतात, पिशवीच काढून टाक, म्हणजे पाळीची कटकट नाही आणि खाडाही पडत नाही. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळते असे आशाताई म्हणाल्या, पण त्याने पिशवी वाळते असे बायका बोलतात. मी घरात न सांगता ते घेतले तर चालेल का? सही कोणाची लागते? आम्ही काय करावे?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे, ती म्हणजे तिसरे मूल तुम्हा दोघांनाही नको आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत नवऱ्याचे एक आणि बायकोचे दुसरे असते. तुमच्याकडे निर्णय झालेला आहे, फक्त तो सासूबाईंसमोर कोणी बोलून दाखवलेला नाही, आणि त्याची अंमलबजावणी कोणाच्या शरीरावर करायची हेही ठरलेले नाही. माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला अंदाज राहील. तुमची आजची तब्येत, तुमचे काम आणि हंगामापर्यंत हाताशी असलेला वेळ पाहता शस्त्रक्रिया तुमच्या पतींनी करून घ्यावी, आणि ती शक्यतो याच महिन्यात, पावसाळ्यात कामे कमी असताना करून घ्यावी. ते तयार झाले नाहीत तर काय करायचे, तेही पुढे लिहिते.

परंतु सर्वप्रथम जाऊबाईंच्या सल्ल्याबद्दल बोलणे भाग आहे, कारण त्यात मला सर्वांत मोठा धोका दिसतो. गर्भाशय काढून टाकणे हे कुटुंब नियोजनाचे साधन नाही. ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि काही ठरावीक आजारांत, इतर उपाय थकल्यावरच ती करायची असते. तुमच्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, राज्य सरकारने समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यात ज्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. यांतल्या कित्येक जणी तिशीतल्या होत्या. जोडीतल्या एकाने एक दिवस सुटी घेतली तरी दोघांचा खाडा धरला जातो, त्यामुळे पाळीत होणारा त्रास हा थेट पैशाचा प्रश्न बनतो, आणि मग "पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल" असे कोणी सांगितले की कर्ज काढूनही ती काढली जाते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर पाळी जाण्याच्या वयातले सगळे त्रास तिशीच्या आतच सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, हाडे ठिसूळ होऊ लागतात. नुसते गर्भाशय काढले तरी हे दिवस लवकर येऊ शकतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईची हाडे चाळिशीत ठिसूळ झाली, तर तिचा कोयता कायमचाच थांबेल. जाऊबाईंनी हे तुमच्या भल्यासाठीच सुचवले असेल याबद्दल मला शंका नाही, पण हा सल्ला घेऊ नका. पाळीला जास्त जाते त्याची तपासणी ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ येतात त्या दिवशी करून घ्या, आणि कोणत्याही खासगी दवाखान्यात पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आता तुमचे रक्त. हिमोग्लोबिन साडेआठ म्हणजे तुम्हाला चांगलाच रक्तक्षय आहे. या अवस्थेत तिसऱ्यांदा दिवस गेले आणि सहावा-सातवा महिना उसाच्या फडात आला, तर तुमच्या जिवाला धोका असेल, आणि ही गोष्ट तुमच्या पतींना आकड्यासह सांगा. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या, शौचाला काळे होते म्हणून मध्येच सोडू नका, जंताची गोळीही मागून घ्या, आणि हंगामाला निघण्यापूर्वी पुन्हा रक्त तपासा. याच कारणासाठी तांबी हा तुमच्यासाठी पहिला पर्याय नव्हे असे मला वाटते. तांबी चांगले साधन आहे, एरवी मी ते आवर्जून सुचवते, पण तिने सुरुवातीचे काही महिने पाळीचा स्राव वाढू शकतो आणि तुमच्याकडे गमावण्याइतके रक्त नाही.

स्त्रीची शस्त्रक्रिया तुम्हाला करता येणारच नाही असे मात्र नाही. वय २२ च्या पुढे, एक तरी मूल वर्षापेक्षा मोठे आणि हिमोग्लोबिन सातच्या वर, हे सरकारी निकष तुम्ही पूर्ण करता. तरीही ही शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीने पोटात शिरून करावी लागते, त्यासाठी भूल लागते, आणि पूर्ववत कामाला लागायला साधारण दोन आठवडे जातात. ओझे उचलणाऱ्या बाईने त्याहून अधिक थांबावे असे मी म्हणेन. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्यानंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. म्हणून तुम्हाला कधी शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली, तर ती नेमलेल्या दिवशी रुग्णालयात, रक्त-लघवी तपासून आणि निवांत करून घ्या, कोणाचे उद्दिष्ट पुरे व्हायचे आहे म्हणून घाईने नको.

याउलट पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी पाहा. जागा बधिर करून, वृषणाच्या पिशवीवर एक बारीक छिद्र पाडून, शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बांधून बंद करतात. साधारण अर्ध्या तासाचे काम असते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. दोन दिवस विश्रांती, मग हलकी कामे, आणि आठवडाभर जड ओझे, सायकल, मोटारसायकल टाळायची. ताकद जाते ही समजूत खरी नाही. पुरुषाला पुरुषपण देणारा स्राव वृषणात तयार होऊन थेट रक्तात मिसळतो, त्याचा या नळ्यांशी संबंध नाही. विहिरीला धक्का लागत नाही, फक्त एका पाटाचे दार बंद होते. दाढीमिशा, इच्छा, संबंधातले सुख, वीर्य बाहेर येणे, कोयता चालवण्याचे बळ, सारे पूर्वीसारखेच राहते. वीर्यात शुक्राणू नसतात, एवढाच काय तो फरक.

मग पुरुष मागे का सरतात? देशातल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती, आणि पतीची नसबंदी झालेल्या होत्या ०.३ टक्के. सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची आणि टाके मात्र बाईच्या पोटावर, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्याला एक कारण जुने आहे. आणीबाणीत, १९७६ साली, नसबंदीची सक्ती झाली. महाराष्ट्रात तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही विधिमंडळाने संमत केले होते, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्या काळी गाडी येताना दिसली की रानात पळणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी तुमच्या सासूबाईंनी घरात ऐकल्या असतील. ती भीती खोटी नव्हती, परंतु ती सक्तीची भीती होती, आणि आता तिचे "अशक्तपणा येतो" असे रूपांतर झाले आहे. दुसरे कारण साधे आहे: गावात चेष्टा होईल ही धास्ती. तुमच्या पतींना ही गोष्ट गावभर सांगण्याची काहीच गरज नाही. दवाखान्यानेही ती गुप्त ठेवली पाहिजे.

त्यांच्याशी बोलताना "तुम्ही का नाही करत?" असे सुरू करू नका, त्याने माणूस लगेच बचावाला उभा राहतो. हिशेबाची भाषा त्यांना कळते, उचलीचा प्रश्न त्यांनीच काढला आहे, तेव्हा तिथूनच सुरू करा. माझे रक्त साडेआठ, मी पोटाची शस्त्रक्रिया केली आणि टाका दुखावला तर आपल्या जोडीचा निम्मा कोयता बसेल. तुम्ही आता केली तर हंगामापर्यंत तुम्ही ठणठणीत असाल. मग त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांशी किंवा पुरुष आरोग्य सेवकाशी त्यांना एकट्याने बोलू द्या. काही प्रश्न बायकोसमोर, आणि आशाताईंसमोर तर मुळीच, पुरुषाच्या तोंडून निघत नाहीत.

एक गोष्ट त्यांना आणि तुम्हालाही पक्की ठाऊक हवी. नसबंदीचा परिणाम त्याच दिवसापासून होत नाही. नळीत उरलेले शुक्राणू निघून जायला तीन महिने लागतात, तोवर दुसरे साधन वापरावेच लागते, आणि त्यानंतर वीर्य तपासून त्यात शुक्राणू नाहीत असे कळल्यावरच निर्धास्त व्हायचे असते. बहुतेक घोटाळे इथेच होतात. तपासणी राहून जाते, बाईला दिवस जातात, आणि मग नको ते संशय घेतले जातात. घरे मोडल्याच्या गोष्टी यातून घडतात, आणि चूक असते ती फक्त न केलेल्या तपासणीची. तुमची टोळी दिवाळीनंतर निघते, म्हणून शस्त्रक्रिया आता झाली तर तीन महिने गावातच पुरे होतील आणि निघण्यापूर्वी तपासणीही होईल. श्रावण-भाद्रपदावर ढकलली तर तपासणीची तारीख फडात येईल आणि ती होणार नाही, हे आपण दोघीही जाणतो.

या तीन महिन्यांसाठी तुम्ही विचारलेले इंजेक्शन अगदी योग्य आहे. सरकारी दवाखान्यात ते "अंतरा" या नावाने मोफत मिळते आणि एका इंजेक्शनचा परिणाम तीन महिने राहतो. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतले तर गर्भ नसल्याची खात्री असते. त्याने पिशवी वाळत नाही. पहिल्या काही महिन्यांत अवेळी थोडे थोडे अंगावर जाऊ शकते, पुढे बहुतेक जणींची पाळी कमी होते किंवा थांबते, आणि ही थांबलेली पाळी पाहूनच "पिशवी वाळली" असे बायका म्हणतात. इंजेक्शन सोडल्यावर पाळी परत येते. मूल राहायला मात्र शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात, ज्याची तुम्हाला चिंता नाही. रक्त कमी असलेल्या बाईला पाळी कमी होणे फायद्याचेच आहे. इंजेक्शन नको वाटले तर "छाया" ही गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. नाहीतर निरोध आहेच. तरीही इंजेक्शन देण्यापूर्वी तुमच्या जास्त जाणाऱ्या पाळीबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यामागचे कारण आधी तपासावे लागते.

घरात न सांगता घेतले तर चालेल का, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. कायद्याने पाहिले तर इंजेक्शनसाठीच नव्हे, तुमच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठीही नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही, संमतीपत्रावर तुमची सही पुरते. काही ठिकाणी सवयीने नवऱ्याला बोलावून आणा म्हणतात. तसे झाल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. साधन वापरूनही दिवस गेले, तर गर्भपाताच्या १९७१ च्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करता येतो, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरेशी असते. हे झाले हक्काचे. व्यवहाराचे विचाराल, तर पतींपासून लपवू नका. ते तुमच्याच बाजूचे आहेत, आणि लपवलेले पुढे कळले तर हाच एक सोबती दुरावेल. सासूबाईंना मात्र प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे असे मला वाटत नाही. नवराबायकोच्या पाळणा लांबवण्याच्या साधनाचा हिशेब सबंध घराला द्यावा लागतो, ही रीत आपल्याकडे फारच रुळली आहे, आणि ती मोडली तर कोणाचे काही बिघडणार नाही.

सासूबाईंना सांगण्याची गोष्ट एकच आहे, आम्ही थांबलो आहोत, आणि ती तुम्ही नव्हे, त्यांच्या मुलाने सांगायची आहे. हे तुमच्या तोंडून गेले तर सुनेने लेकाला फूस लावली असे होईल. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरते, हेही लेकानेच म्हणावे. माझा अंदाज असा, की सासूबाईंच्या मनात वंशाच्या दिव्यापेक्षा म्हातारपणाची काळजी जास्त असेल. वर्षातले पाच-सहा महिने लेक-सून गावाबाहेर, दोन नाती सांभाळायच्या, आणि उद्या त्याही सासरी जाणार. त्यांनी नातू मागितला तर आपण त्यांना दुष्ट ठरवू नये. त्यांच्या औषधपाण्याची, फडात असताना पाठवायच्या पैशाची बोलणी याच बैठकीत झाली, तर नातवाचा विषय निम्मा आपोआप मागे पडेल.

तपासून घेण्याच्या गोष्टीला मात्र मुळीच थारा देऊ नका. गर्भलिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशात सर्वांआधी, असा कायदा केला होता. तपासणी करवून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि स्त्रीवर नवऱ्याने व नातेवाइकांनी बळजबरी केली असेच कायदा गृहीत धरतो, त्यामुळे आरोपी होतील ते तुमचे पती आणि सासूबाई. २०१२ मध्ये परळीत अशाच एका प्रकरणात गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा जीव गेला, हे त्यांच्याही कानावर आलेले असेल. "मी सोय करून देतो" म्हणणारा कोणी घरी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पती शेवटपर्यंत तयार झालेच नाहीत, तर घाईने स्वतःचे पोट पुढे करू नका. हा हंगाम इंजेक्शनवर काढा, रक्त अकरा-बाराच्या घरात आणा आणि पुढच्या उन्हाळ्यात, परत आल्यावर, पुन्हा बोला. तेव्हाही तुम्हालाच करावी लागली तर पुढे पावसाळाभर विश्रांतीला वाव राहील. मग निदान अशक्तपणात आणि उचलीच्या धाकात केल्यासारखे होणार नाही.

कागदपत्रांचे दोन शब्द. धाकटीचा जन्म १ एप्रिल २०२३ नंतरचा आहे. त्यामुळे तुमचे रेशनकार्ड पिवळे किंवा केशरी असेल तर मुलींना हप्त्याहप्त्याने पैसे देणाऱ्या सरकारच्या "लेक लाडकी" योजनेबद्दल अंगणवाडी सेविकेला विचारा. पुढच्या हप्त्यांसाठी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते आईचे असो वा वडिलांचे, दोन्ही चालते. इंजेक्शन चालू ठेवायचे ठरले तर "अंतरा"चे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात ते दाखवून पुढचे इंजेक्शन मागता येते. ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत ते घेता येते, म्हणजे मुकादमाकडे त्यासाठी खाडा न मागता पावसाने फड बंद असेल त्या दिवशी जाऊन येता येईल. काही अडले तर १०४ या क्रमांकावर सरकारी आरोग्य सल्ला फोनवर मोफत मिळतो.